सातवी रेकॉर्ड आधी बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत एका घराच्या गॅरेजसमोर जुनं सामान विकायला मांडलं होतं. तिथून तुम्ही ४५ च्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डचं एक खोकं दहा डॉलरला उचललंत. त्यात सात रेकॉर्ड शब्दांविनाच्या, गिटारप्रधान निघाल्या. दोन तुम्ही वाजवून पाहिल्या आणि 'पल्प फिक्शन' हा चित्रपट पाहिल्यापासून कानात बसलेला ओला, थेंब टपकल्यासारखा गिटारचा आवाज त्यातल्या एकीत सापडला. आता तुम्ही तीन गोष्टी विचारता: या दुर्मीळ आहेत का, किंमत किती येईल, आणि घरच्या प्लेअरवर वाजवून संगणकात घेतल्या तर चालेल का. सोबत सातही लेबलांचे फोटो दिले आहेत.

उत्तराआधी एक काम करा. पांढऱ्या लेबलावर टाइपरायटरने एकच शब्द आणि खाली पेनाने तारीख लिहिलेली जी सातवी रेकॉर्ड आहे, ती खोक्यातून वेगळी काढा. कडेने धरा, खाचांना बोट लावू नका. अजून वाजवली नसेल तर वाजवू नका. कारण शेवटी सांगतो.

मी लाँग बीचला राहतो आणि गेली बावीस वर्षं जुन्या रेकॉर्डवरचा आवाज उतरवून घ्यायचं काम करतो. निम्मं काम आपल्याकडच्या ७८ च्या लाखेच्या तव्यांचं असतं. नाट्यगीतं, भजनं, कुणाच्या आजोबांनी मुंबईहून येताना आणलेला संच. उरलेलं निम्मं या इथल्या समुद्रकाठच्या गिटार-संगीताचं, म्हणजे सर्फ संगीताचं. दोन्हीकडे एकच अनुभव येतो: माणसं किंमत आधी विचारतात आणि रेकॉर्डवर टेकणारी पिन काय अवस्थेत आहे हे कधीच विचारत नाहीत.

किमतीचं उरकून टाकतो. विक्रेत्यांनी लावलेल्या किमती पाहू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांच्या पाहा. त्याच लेबलाची, त्याच अवस्थेतली प्रत शोधा. लेबलावर कुणी शाईने नाव लिहिलं असेल तर भाव उतरतो, खाचा झिजल्या असतील तर कोसळतो. एवढं पुरे.

या सात रेकॉर्डचं महत्त्व वेगळ्या जागी आहे. सर्फ संगीताची ही लाट आली आणि गेली, सगळं मिळून तीनेक वर्षांत. १९६१ च्या उन्हाळ्यात गिटारवादक डिक डेल न्यूपोर्ट बीचजवळच्या बाल्बोआमधल्या राँदेव्हू बॉलरूममध्ये वाजवू लागला आणि दिवसभर लाटांवर फळ्या चालवणारी पोरं रात्री तिथे नाचायला जमू लागली. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर दिसले आणि त्यानंतर कुणाला शब्दांविनाचं गिटार नको होतं. मधल्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जवळजवळ प्रत्येक हायस्कूलमध्ये एक तरी बँड होता. पंधरा-सोळा वर्षांची मुलं गावातल्या छोट्या स्टुडिओत एका दुपारी दोन तुकडे वाजवायची, थोड्या रेकॉर्ड छापून घ्यायची आणि नाचाच्या कार्यक्रमात विकायची. मूळ टेप अनेकदा पुसून पुन्हा वापरली जायची. म्हणून अशा कित्येक बँडचा मागे राहिलेला एकमेव पुरावा म्हणजे ही सात इंचांची रेकॉर्ड. ती एकदा खराब पिनने खरवडली की त्या मुलांची ती दुपार गेली.

आता तुमच्या सहा रेकॉर्ड. इथे लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी.

डॉट लेबलवरची सर्फॅरीज या बँडची 'वाइप आउट' सर्वांत ओळखीची आणि सर्वांत सहज मिळणारी. १९६३ मध्ये ती बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, तेव्हा भरपूर छापली गेली. ग्लेंडोराच्या या मुलांनी ती कुकामोंगा गावातल्या पॉल बफच्या पाल स्टुडिओत वाजवली. 'सर्फर जो' या गाण्याची मागची बाजू भरायला काहीतरी हवं होतं म्हणून. सुरुवातीचं ते खिदळणं त्यांचा व्यवस्थापक डेल स्मॉलिन याचं आहे. ती आधी डीएफएस या लेबलवर आली, मग प्रिन्सेसवर आणि मग डॉटवर. डीएफएस म्हणजे स्मॉलिनच्याच नावाची आद्याक्षरं. त्या लेबलाची प्रत हाती लागली तर गोष्ट वेगळी. तुमची डॉटची आहे. ती बिनधास्त ऐका.

डाउनी लेबलवरची शँटेजची रेकॉर्ड मात्र जपा. डाउनी गावात वेंझेल्स म्युझिक टाउन नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या भागात स्टुडिओ. हे लेबल त्या दुकानाचं. तुमच्या फोटोत 'मूव्ह इट' वर दिसतंय आणि 'पाइपलाइन' मागच्या बाजूला. ते बरोबर आहे. शँटेज ही सँटा ॲना हायस्कूलची मुलं, आणि त्यांच्या हातून घडलेला हा अजरामर तुकडा आधी बी बाजूवरच होता. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी लावली आणि १९६३ मध्ये 'पाइपलाइन' चौथ्या क्रमांकावर पोचली. तोवर डॉटने ती घेतली होती. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक प्रती डॉटच्या असतात, तुमची त्याआधीची. ऐकताना नेहमीपेक्षा खाली, खर्जात चाललेल्या गिटारकडे लक्ष द्या. वरची धून सगळ्यांनाच ऐकू येते, पण तुकडा उभा आहे तो त्या खालच्या सुरांवर.

आर्वी लेबलवरची बेल-एअर्सची 'मिस्टर मोटो' १९६१ ची. तुम्ही लिहिलंत की तिच्यात 'तो ओला आवाज नाही, मग ही सर्फ कशी?' हा प्रश्न फार चांगला आहे, आणि सगळ्या विषयाची गाठ इथेच आहे.

तो ओला आवाज एका लाकडी पेटीतून येतो. फेंडर कंपनीने १९६१ मध्ये ती स्वतंत्र रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी) पेटी बाजारात आणली. आत धातूच्या उथळ तबकात दोन लांब स्प्रिंगा ताणलेल्या असतात. गिटारचा विद्युत्प्रवाह एका टोकाला स्प्रिंगांना पीळ देतो, तो पीळ दुसऱ्या टोकापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. दुसऱ्या टोकाला त्याचा पुन्हा प्रवाह होतो. स्प्रिंगमधून सगळे स्वर एकाच वेगाने जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक आघात थोडा पसरून, 'टिव्' असा बाहेर पडतो. हाताच्या कडेने तारा दाबून झपाझप वाजवलं की प्रत्येक आघाताला तो थेंब पडतो. इथली मंडळी त्याला 'ड्रिप'च म्हणतात. पेटी गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये बसते. म्हणजे आधीच भिजलेला आवाज ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन आणखी फुगतो. पुढे १९६३ मध्ये फेंडरने व्हायब्रोव्हर्ब या ॲम्प्लिफायरमध्येच स्प्रिंगा बसवल्या, पण तो आवाज मवाळ आहे. कान तयार झाला की फरक पहिल्या दोन आवर्तनांत कळतो.

म्हणून या संगीताचे अगदी पहिले तुकडे कोरडे आहेत. डिक डेलचा १९६१ चा 'लेट्स गो ट्रिपिन' कोरडा आहे. 'मिस्टर मोटो' कोरडी आहे. तिच्यात स्पॅनिश ढंगाची गिटार आहे, पियानो आहे, सॅक्सोफोन आहे. आणि बेल-एअर्स हा बँड फुटला तोही याच मुद्द्यावर. त्यांच्या दोन गिटारवादकांपैकी एडी बर्ट्रँडला ती पेटी हवी होती, पॉल जॉन्सनला ती नको होती. दोन गिटारींची एकमेकींत गुंफलेली चाल त्या ओलाव्यात बुडून जाईल, असं त्याचं म्हणणं. १९६३ मध्ये बर्ट्रँड बाहेर पडला आणि त्याने एडी अँड द शोमेन हा बँड काढला. तिथे तो आवाज ठासून भरलेला ऐकू येतो. ड्रमवादक रिचर्ड डेल्व्ही त्याआधीच निघून चॅलेंजर्स या बँडमध्ये गेला होता. माझं मत विचाराल तर जॉन्सनचं म्हणणं खरं होतं. 'मिस्टर मोटो' मधल्या दोन गिटारी वेगवेगळ्या ऐकू येतात, एक बोलते, दुसरी होकार भरते. पुढच्या दोन वर्षांत ही नाजूक गोष्ट फारशी कुणी जपली नाही.

डेलचा उल्लेख आलाच आहे तर एक सांगतो. त्याचे वडील लेबनीज वंशाचे, काका औद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे. 'मिसिर्लू' ही पूर्व भूमध्य किनाऱ्यावरची जुनी धून त्याने १९६२ मध्ये एकाच तारेवर, विजेच्या वेगाने वाजवली. डावखुरा असल्यामुळे तो गिटार उलटी धरायचा, पण तारांचा क्रम बदलायचा नाही, म्हणजे जाड तारा खाली. आई इथे आली होती तेव्हा एकदा मी ही रेकॉर्ड उतरवून घेत होतो. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात उभी राहून ऐकत राहिली. मग म्हणाली, "भैरवाचे सूर आहेत रे. पण भैरव नाही. धैवतावर कुणी थांबतच नाही." मी हार्मोनियम काढून सूर लावून पाहिले. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. सगळे तेच. रिषभ-धैवतावरचं आंदोलन तेवढं गेलं होतं आणि त्या जागी पिकचा, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्याचा, मारा आला होता. त्या दिवसापासून मी ही रेकॉर्ड वेगळ्या कानाने ऐकतो. तुमच्या खोक्यात ती नाही, पण मिळवून ऐका.

इम्पॅक्ट लेबलवरची रेव्हल्सची 'चर्च की' १९६० ची, म्हणजे सर्फ हे नाव पडायच्याही आधीची. सॅन लुइस ओबिस्पोचा हा बँड सॅक्सोफोनवर चालतो. चर्च की म्हणजे तेव्हाच्या बोलीत बिअरचा डबा फोडायची चावी. 'पल्प फिक्शन'मध्ये यांचाच 'कोमँची' हा तुकडा आहे. त्याच चित्रपटात लाइव्हली वन्स, सेंच्युरियन्स आणि रेडलँड्सचे टॉर्नेडोज हेही आहेत. ही नावं पुढे शोधायला उपयोगी पडतील. लाइव्हली वन्स आणि सेंच्युरियन्स डेल-फाय या लेबलचे, आणि डेल-फायचा बराचसा साठा नव्वदच्या दशकात पुन्हा निघाला, त्यामुळे ऐकायला मिळणं अवघड नाही.

ओरिजिनल साउंड लेबलवरची 'टिहुआना सर्फ' हॉलीवूड पर्सुएडर्सच्या नावावर आहे. हा पॉल बफचा स्वतःचा खेळ, त्याच कुकामोंगाच्या स्टुडिओतला. त्याने स्वतःच्या हाताने पाच ट्रॅकचं मुद्रणयंत्र बनवलं होतं आणि एकावर एक वाद्यं चढवली. तुम्ही मागची बाजू वाजवलीच नाहीत असं लिहिलंय. ती वाजवा. 'ग्रुनियन रन' हा तुकडा पुढे रॉक संगीतात गाजलेल्या फ्रँक झप्पाचा आहे. ग्रुनियन हे चांदीच्या रंगाचे छोटे मासे, भरतीच्या रात्री अंडी घालायला वाळूवर येतात आणि माणसं कंदील घेऊन पाहायला जातात. पुढे १९६४ मध्ये झप्पाने तो स्टुडिओच विकत घेतला.

सहावी, कॅपको लेबलवरची क्रॉसफायर्सची 'फायबरग्लास जंगल', १९६३. माझ्या पाहण्यात या सहांमध्ये सर्वांत कमी येणारी हीच. हेच लोक दोन वर्षांनी नाव बदलून टर्टल्स हा बँड झाले आणि जगभर गाजले. त्यांचे दोघे प्रसिद्ध गायक, हॉवर्ड केलन आणि मार्क वोलमन, इथे सॅक्सोफोन वाजवतात.

मूळ छपाई ओळखायला लेबलापेक्षा लेबलालगतची गुळगुळीत पट्टी जास्त उपयोगी. रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरा. तिथे कोरलेले आकडे दिसतील. लॉस एंजलिसच्या मोनार्क या कारखान्यात छापलेल्या प्रतीवर वर्तुळात एमआर असा ठसा असतो आणि एक छोटा त्रिकोण, त्यापुढे क्रमांक. हे त्रिकोणाचे क्रमांक वर्षागणिक चढत गेले आहेत. तारीख माहीत असलेली दुसरी रेकॉर्ड शेजारी ठेवली की तुमची कधीची ते कळतं. १९६३ ची म्हणून विकलेल्या रेकॉर्डचा क्रमांक पुष्कळ पुढचा निघाला तर ती नंतरची छपाई. मी स्वतः एकदा याच हिशेबात फसलो होतो. विक्रेत्याने लेबलाचाच फोटो पाठवला, मी पट्टीचा मागितला नाही.

आता वाजवण्याचं. त्या काळी मोनार्कने पुष्कळशा ४५ च्या रेकॉर्ड व्हिनाइल या नेहमीच्या प्लास्टिकऐवजी स्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या केल्या. स्टायरीन कडक असतं, वाकत नाही, नखाने हलकं वाजवलं तर आवाज जरा बारीक येतो, आणि लेबल पृष्ठभागावर चिकटवलेलं असतं. व्हिनाइलमध्ये ते दाबताना आतच बसतं. स्टायरीन झिजलेल्या पिनला अजिबात दाद देत नाही. चार-पाच वेळा वाजवलं की वरचे सूर फाटतात आणि कायमची 'खस्स' बसते. तुमच्या घरचा सूटकेससारखा प्लेअर फोटोत दिसला. त्यावर या रेकॉर्ड लावू नका, विनंती आहे. त्यांच्यासाठी गोल टोकाची नवी पिन, शिफारशीइतकाच भार, आणि रेकॉर्ड हाताने मागे फिरवायची नाही. या सगळ्या मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आहेत. त्या वेळच्या मोनो खाचा एक मिल (इंचाचा हजारावा भाग) मापाच्या पिनसाठी कापलेल्या असत. तशी पिन मिळाली तर ती पूर्वीच्या झिजेच्या वरच्या भागात टेकते आणि अनेकदा आवाज आश्चर्य वाटावं इतका स्वच्छ निघतो. धुवायला पाणी आणि साबणाचा एक थेंब पुरे. स्पिरिट वापरू नका.

संगणकात घेताना मुद्रणाची प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा आणि पहिली फाइल जशीच्या तशी जपा. खरखर काढणारी स्वयंचलित यंत्रणा या संगीताची शत्रू आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. तिला अचानक आलेला टोकदार आवाज म्हणजे ओरखडा वाटतो. स्प्रिंगचा 'ड्रिप' आणि पिकचा आघात हे नेमके तसेच असतात. सुरुवातीच्या काळात मी एक अख्खा तुकडा असा 'स्वच्छ' केला. खरखर गेली, आणि तिच्याबरोबर गिटारवाल्याचा उजवा हात गेला. आता मी एकेक ओरखडा पडद्यावर शोधून हाताने काढतो. अडीच मिनिटांच्या तुकड्याला कधी पूर्ण संध्याकाळ लागते.

आणि मग ती सातवी.

तुमच्या फोटोत भोकाच्या कडेला करड्या धातूची रेघ चमकते आहे. वजन इतरांपेक्षा जास्त आहे असंही तुम्ही लिहिलंत. म्हणजे ही छापलेली रेकॉर्ड नाहीच. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर देऊन त्यावर स्टुडिओत थेट कापलेली ही एकेक प्रत असते. तिला ॲसिटेट म्हणतात. मुलांना घरी नेऊन ऐकायला, एखाद्या लेबलवाल्याला ऐकवायला एक-दोन प्रती कापून देत. दर वाजवण्याला तिचे वरचे सूर थोडे थोडे जातात. पृष्ठभागावर पांढरट पावडर दिसते ती बुरशी नाही, त्या थरातलं एरंडेल जुनं झालं की असं बाहेर येतं. पुसू नका. थर आकसून तडकला असेल तर पिन त्याचा तुकडाच उचलेल. ती कागदी पाकिटात उभी ठेवा, गाडीत किंवा गॅरेजमध्ये नको, आणि ज्याने ॲसिटेट आधी हाताळल्या आहेत त्याच्याकडून एकदाच, नीट उतरवून घ्या. मी करून देईन, किंवा तुमच्या जवळचा कुणी जाणकार.

एवढा आग्रह का, ते सांगतो. त्या वेळी ऑरेंज काउंटीत कॅथी मार्शल नावाची एक शाळकरी मुलगी एडी अँड द शोमेनसारख्या बँडबरोबर मंचावर गिटार वाजवायची. लोक तिला 'सर्फ गिटारची राणी' म्हणायचे. तिची एकही रेकॉर्ड तेव्हा बाजारात आली नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्या आठवणीतच ते वाजवणं राहिलं. अशी आणखी किती मुलंमुली असतील? तुमच्या हातातल्या चकतीवर त्यांच्यापैकीच कुणीतरी असू शकतं, आणि दुसरी प्रत जगात कुठे नसेलही.

उतरवून घेतल्यावर ती इंटरनेटवर टाकायची घाई नको. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानुसार १९५७ नंतरची आणि १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीची ध्वनिमुद्रणं, प्रकाशित न झालेलीसुद्धा, १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षित आहेत. वाजवणाऱ्यांचा शोध आधी घ्यावा लागेल. लेबलावरचा तो एक शब्द बँडचं नाव असेल किंवा तुकड्याचं. दोन्ही धरून शोधा. रचनाकारांचं मानधन गोळा करणाऱ्या बीएमआय आणि ॲस्कॅप या संस्थांच्या यादीत रचनाकारांची नावं मिळतात. त्या परिसरातल्या हायस्कूलची १९६२-६४ ची वार्षिकं ग्रंथालयात असतात, त्यात नाचाच्या कार्यक्रमांचे फोटो असतात आणि ड्रमवर बँडचं नाव रंगवलेलं असतं. मला तीन वेळा असंच नाव सापडलं आहे.

पण त्याहीआधी, या शनिवारी, त्या घरी परत जा. खोकं कुणाचं होतं ते विचारा. १९६३ मध्ये सोळा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या आसपास असेल. कदाचित त्याच घरात असेल, कदाचित मुलाने त्याचं सामान आवरायला काढलं असेल. जाताना रेकॉर्ड नेऊ नका, तिचा फोटो न्या, आणि पेनाने लिहिलेली तारीख नीट दिसेल असा न्या. अक्षर आपलंच आहे हे माणूस लगेच ओळखतो.